एटीएम कार्ड ठेकेदाराकडे ठेवू नका

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी ठेकेदारामार्फत सफाईचं काम करत होते. आम्ही बावीस जणी. २०१७ साली कामावर घेतानाच सुपरवायझरने सगळ्यांची खाती एकाच बँकेत उघडली. जिला सही येत नव्हती तिचा अंगठा घेतला. कार्डं आली तेव्हा म्हणाला, "मावशी, तुम्हाला मशीन जमायचं नाही. कार्ड ऑफिसात राहू द्या, पगार पाकिटातून देतो." आम्हाला ते सोयीचंच वाटलं.

पाकिटात साडेसात हजार असायचे.

२०१९ च्या जून महिन्यात मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी पासबुक लागलं म्हणून बँकेत गेले. छापून आलं तर दर महिन्याला ११,४०० जमा आणि त्याच संध्याकाळी ११,४०० काढलेले. बँकेचा मेसेज मला कधीच आला नव्हता, कारण खात्याला मोबाइल नंबर सुपरवायझरचा होता. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघींना घेऊन पुन्हा गेले. त्यांच्याही पासबुकात तेच एटीएम, तीच तारीख.

यातली खरी मेख समजून घ्या. कागदावर ठेकेदाराने पूर्ण किमान वेतन दिलेलं असतं, तेही बँकेतून. विचारायला गेलात की तो पुरावा पुढे करतो आणि म्हणतो, पैसे तुमच्याच कार्डाने निघाले. एकटी बाई इथेच गप्प होते. आम्ही बावीस पासबुकं एकत्र ठेवली तेव्हाच ते बोलणं बंद पडलं. बावीस बाया दर महिन्याला एकाच संध्याकाळी, एकाच मशीनसमोर रांग लावून सगळा पगार काढतील कशा?

मग एकेकीला बाजूला बोलावणं सुरू झालं. हजार रुपये वाढवतो, बाकीच्यांना सांगू नका. दोघी फुटल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, घरभाडं थकलं की माणूस काय करेल?

रुग्णालय आधी म्हणालं, या आमच्या कर्मचारी नाहीत. पण तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१ प्रमाणे ठेकेदाराने पगार कमी दिला तर तो भरून देणं मूळ मालकावर, म्हणजे रुग्णालयावर, यायचं. हे आम्हाला युनियनच्या एका ताईंनी सांगितलं आणि त्या आमच्याबरोबर कामगार आयुक्तालयात चकरा मारत राहिल्या. शेवटी सहा महिन्यांचा फरक मिळाला, कारण तेव्हा किमान वेतनाच्या दाव्याची मुदतच सहा महिन्यांची होती. आधीचे सगळे पैसे बुडाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा कायदा, लागू झाली, तिच्यात ही मुदत तीन वर्षं आहे. तरी थांबू नका.

बँकेत जाऊन तुमच्या खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते आजच विचारा. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, मागा आणि सरकारच्या उमंग ॲपवर पैसे भरलेत का ते बघा. आमच्यातल्या आठ जणींचे पैसे दर महिन्याला कापले जात होते, पण त्यांच्या नावाचं पीएफ खातंच नव्हतं. ती तक्रार अजून चालू आहे.