मोठ्या टोमॅटोच्या बियांची वंशावळ: दोन हिवाळे नोंदी ठेवल्यानंतरचा अनुभव

स्पर्धेसाठी अवाढव्य टोमॅटो पिकवणारे बियांची नोंद एका ठरलेल्या पद्धतीने ठेवतात: फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव, साल, आणि पुढे कंसात आई × बाप. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ही पद्धत मी दोन हिवाळे वापरली आहे. आडनावाच्या जागी मी 'मुलुंड' लिहिते, वजन ग्रॅममध्ये. बाकी सगळं तसंच.

पद्धत रुळली ती भोपळेवाल्यांकडे. २०१२ साली अमेरिकेत रॉन वॉलेस यांचा भोपळा २००९ पौंड भरला, २००० पौंडांचा टप्पा ओलांडणारा पहिला. त्याचं बी '२००९ वॉलेस'. नवखा माणूस २००९ला साल समजतो, पण ते वजन आहे. भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, परागण हाताने करतात आणि फूल बांधून ठेवतात, म्हणून कंसातल्या आईबापांवर भरवसा ठेवता येतो. टोमॅटोचं तसं नाही. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि बहुतेक वेळा फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. मात्र मोठ्या फळांच्या जातींत, त्यातही दोनतीन फुलं एकत्र चिकटून आलेल्या जोडफुलांत, कुक्षी पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावते. आमच्या गच्चीवर भुंगे भरपूर येतात. शेजारच्या कुंडीत चेरी टोमॅटो असला, तर बापाच्या जागी नक्की कोणाचं नाव लिहायचं?

उपाय स्वस्त आहे. हळदीकुंकवाला वाण ठेवून देतात त्या ऑर्गन्झाच्या पोटल्या घ्यायच्या, कळी उमलायच्या आधी घोसावर चढवायच्या, सकाळी देठाला हलक्या टिचक्या मारायच्या आणि फळ धरलं की पोटली काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा. ज्या फळाला दोरा आहे त्याच्याच बियांपुढे 'स्वपरागित' लिहायचं. दोरा नसेल तर बापाची जागा रिकामी. हा नियम मी काटेकोर पाळते, कारण अंदाजाने भरलेली वंशावळ रिकाम्या वंशावळीपेक्षा जास्त नुकसान करते. पुढची माणसं त्याच्यावर पिढ्या रचत जातात.

आता महत्त्वाचं. नावातलं वजन एका फळाचं असतं, बी मात्र रोपाचे गुणधर्म घेऊन येतं. एकाच रोपावरच्या ७०० ग्रॅमच्या आणि २०० ग्रॅमच्या फळांतलं बी, दोन्ही स्वपरागित असतील तर, आनुवंशिक दृष्ट्या सारख्याच तोडीचं. मोठं फळ मोठं झालं ते बऱ्याचदा जोडफुलामुळे, घोसातली बाकीची फळं खुडल्यामुळे आणि मुळांना मोकळी जागा मिळाल्यामुळे. जोडफूल येण्यामागे जनुकं असतात हे खरं. 'फॅसिएटेड' म्हणतात त्या बदलात गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलेला असतो, त्यामुळे शेंड्याची वाढ आवरणारा संदेश मंदावतो, फूल रुंदावतं आणि फळातले कप्पे वाढतात. पण कळी घडत असताना मिळालेला गारवाही कप्पे वाढवतो. आमच्याकडे ठसठशीत जोडफुलं दिसली ती थंडी पडल्यावर घडलेल्या घोसांवर. ते श्रेय एकट्या बियाला देता येणार नाही.

म्हणून मी पद्धतीत एक रकाना वाढवला: भावंडं. पहिल्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या एका काकूंनी दिलेल्या बियांच्या दोन ओळी, म्हणजे दोन वेगळे वंश, लावल्या होत्या. एकीत एक फळ ७२० ग्रॅमचं निघालं, पण तिची बाकीची रोपं २५० ते ३०० ग्रॅमवर थांबली. दुसरीत ५२० ग्रॅमच्या वर काहीच गेलं नाही, पण जवळजवळ प्रत्येक रोपाने एखादं फळ ४५०च्या पुढे नेलं. नुसतं नाव वाचलं तर '७२० मुलुंड' कोणीही आधी मागेल. दुसऱ्या हिवाळ्यात दोन्हींचं बी शेजारी शेजारी लावलं, तेव्हा ७२०ची पोरं पुन्हा पांगली आणि ५२०ची एका मापाने वाढली. तिच्यातल्याच एका फळाने ७५०चा काटा गाठला. तेव्हापासून कोणी बी देऊ केलं की मी आधी भावंडांची वजनं विचारते, विक्रमाचं वजन नंतर.

विक्रमांच्या यादीकडेही आता याच नजरेने पाहते. १९८६ला गॉर्डन ग्रॅहम यांचा ३.५१ किलोचा, २०१४ला डॅन मॅककॉय यांचा ३.८१ किलोचा, २०२०ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या डॅन सदरलँड यांचा ४.८९६ किलोचा. डोळे विस्फारतात. पण त्या बियांच्या वंशात पुढे किती जणांकडे किती फळं जड निघाली, हे कळल्याशिवाय मला बोलता येत नाही.

ऑनलाइन घेतलेल्या एका पाकिटावर नुसतं 'जायंट' छापलं होतं, ना जात ना पिढी. विचारणा केली, उत्तर आलं नाही. रोपं उगवली ती तीन तऱ्हांची. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत असंच फुटतं. दर पिढीला स्वपरागण केलं तर मिश्रपणा निम्म्याने घटतो आणि सहाव्या पिढीला सुमारे ३ टक्के उरतो. तोवर वंशावळीत पिढीचा आकडा लिहिणं अनिवार्य आहे. आपल्याकडच्या सरकारी वाणांची नोंद याबाबतीत किती चोख आहे पाहा: 'पुसा रुबी' म्हणजे 'सू' आणि 'इम्प्रूव्ह्ड मीरुती' यांचा संकर, 'अर्का विकास' म्हणजे 'टिप टॉप' या अमेरिकन वाणातून केलेली निवड. हौशी माणसाला एवढं जमायला काय हरकत आहे?

मुंबईपुरत्या दोन गोष्टी. कुंडीतल्या पट्टीवर पेन्सिलने लिहा, उन्हात मार्करची शाई उडते. आणि बी दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यातली हवा उघड्या पाकिटातलं बी मऊ करून टाकते.

ज्यांना भाजीपुरते टोमॅटो हवेत त्यांनी या भानगडीत पडू नये, वेळ जातो. बी वाटणाऱ्यांनी मात्र पडावंच. बियाच्या पुडीबरोबर तीन ओळी दिल्या तरी पुरे: आई कोण, फूल बांधलं होतं की नाही, आणि त्याच आईच्या इतर रोपांनी किती वजन दिलं. येत्या सप्टेंबरात ५२०च्या ओळीची तिसरी पिढी पेरणार आहे. यंदा 'अर्का विकास'च्या परागांशी हाताने संकरही करून पाहायचा आहे, कारण आपल्या उकाड्यात फळ धरण्याची ताकद मोठ्या फळांच्या या ओळींत मला कमी दिसली. मुलुंड-ठाणे भागात कोणाकडे वंशावळ लिहिलेलं बी असेल तर बदल्यात ५२०चं देईन.