गुळवेल घनवटी: डबी चांगली, सूचना अपुरी

पाचपैकी तीन गुण. कापलेले दोन्ही गुण गोळीसाठी नाहीत, लेबलसाठी आहेत. ‘१ ते २ गोळ्या, दिवसातून दोनदा’ एवढं बहुतेक डब्यांवर असतं. किती दिवस, ते नसतं. मग ‘इम्युनिटी’साठी म्हणून सुरू केलेली डबी वर्षभर चालू राहते.

घन म्हणजे खोडाचा काढा आटवून केलेला अर्क. चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. म्हणून ५०० मिलिग्रॅमची गोळी किरकोळ वाटते, पण ती अर्ध्या ग्रॅम चूर्णाएवढी नसते, त्याहून बरीच तीव्र असते. वर सकाळी काढाही घेतला तर मोजमापच राहत नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद झाली. नंतर देशातल्या १३ केंद्रांमधले असे ४३ रुग्ण अभ्यासले गेले. अनेकांचं चित्र ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की खरी गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली जाते, तिथे घोटाळा होतो. लाखो लोक गुळवेल घेतात आणि त्रास मोजक्यांनाच होतो, हेही खरं. पण तो कोणाला होईल, हे आधी ओळखता येत नाही.

वेल दारची असेल तर खोड हाताळून बघा. गुळवेलीवर फोडांसारखे ठळक उंचवटे नसतात आणि दुधाळ चीक येत नाही. दोन्ही दिसले तर ती क्रिस्पा. गोळीत हे कळायला मार्ग नाही, म्हणून लेबलवर ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ (खऱ्या गुळवेलीचं शास्त्रीय नाव), ‘खोड’, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर हवाच. नसेल तर डबी परत ठेवा.

ऑटोइम्यून आजार, यकृताचा जुना विकार, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं किंवा गर्भारपण असेल तर ही गोळी नकोच. मधुमेहाच्या औषधांसोबत साखर जास्त उतरू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवून घ्या.

भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना डबीही सोबत न्या. ‘आयुर्वेदिक आहे, ते काय सांगायचं’ म्हणून नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.