डेली की मंथली? लेन्स घेताना डोळ्याचं पण बघा

बरेच जण नुसती किंमत बघून मंथली, म्हणजे महिनाभर वापरायची कॉन्टॅक्ट लेन्स घेतात, पण खरी गोम डबीत आहे. मंथली लेन्स रोज सोल्युशनने चोळून धुवून डबीत ठेवायची, आणि महिनाभरात अश्रूंमधली प्रथिनं नि तेलकट थर तिच्यावर बसत जातो, मग कुणाकुणाच्या वरच्या पापणीच्या आत बारीक पुटकुळ्या येतात, खाज सुटते, लेन्स सरकायला लागते आणि आपण म्हणतो धुळीची अ‍ॅलर्जी असेल. डेलीत ही भानगडच नाही, रात्री काढली की कचऱ्यात. सोल्युशनमधल्या प्रिझर्व्हेटिव्हने डोळे चुरचुरत असतील तरी डेलीच बरी.

मंथलीचं म्हणाल तर रोज घालणाऱ्याला स्वस्त पडते. सिलिकॉन हायड्रोजेल या मऊ मटेरियलची असेल तर ऑक्सिजनही चांगला पोचतो (कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात, तो मुख्यतः हवेतूनच ऑक्सिजन घेतो). पण डबी दर 3 महिन्यांनी बदलणारे किती? कालच्याच सोल्युशनमध्ये वरून दोन थेंब टाकणारे मात्र ढीगभर.

नळाचं पाणी दोन्हींना वर्ज्य, त्यातला अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोनमहिने चालतात. आणि डेलीच दुसऱ्या दिवशी परत घालणार असाल तर जादा पैसे मोजले कशाला?

माझं विचाराल तर लग्नकार्य, जिमपुरती हवी असेल तर सरळ डेली. रोजची असेल आणि हात धुवायचा कंटाळा नसेल तर मंथली चालेल, फक्त डोळा लाल झाला की आधी लेन्स काढा नि डॉक्टर गाठा, मेडिकलमधून ड्रॉप आणून भागवू नका.