मूतखडा: बाहेरून फोडायचा की दुर्बिणीने काढायचा?

सेंटिमीटरभर झालेला मूतखडा आपसूक पडण्याची शक्यता कमी. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन वाटा सांगतात.

पहिली लिथोट्रिप्सी. १९८० मध्ये म्युनिकला ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी ती प्रथम माणसावर वापरली. शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडतात. चिरफाड नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. पण तुकडे लघवीवाटे आपल्यालाच पाडावे लागतात, आणि ती कळ सोसलेल्यालाच ठाऊक! सिटी स्कॅनवर खड्याची घनता १००० हाउन्सफिल्डच्या वर असली, किंवा खडा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात असला, तर यश कमी मिळतं. गरोदरपणात ही पद्धत वापरतच नाहीत.

दुसरी दुर्बीण. लघवीच्या मार्गानेच आत जाऊन होल्मियम लेझरने खड्याचा चुरा करतात. भूल द्यावी लागते, नंतर बऱ्याचदा काही दिवस स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या मूत्रनलिकेत ठेवलेली बारीक नळी) आणि त्याची जळजळ. तरी एकाच खेपेत खडा निघण्याची शक्यता इथे जास्त, म्हणून मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेल्या खड्यासाठी माझा कौल दुर्बिणीलाच.

फक्त स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. आत राहून गेलेल्या स्टेंटवरच पुन्हा खडे चढतात.