एकच अजस्र प्रोजेक्ट की शंभर छोट्या ग्रँट?

सरकारकडे रिसर्चसाठी पैसा मोजकाच असतो, मग तो एका मोठ्या मशीनवर लावायचा की युनिव्हर्सिटीतल्या छोट्या लॅबना वाटायचा, हा वाद कायमचाच. मोठ्याच्या बाजूने बोलायचं तर काही कामं छोट्या लॅबमध्ये होणारच नाहीत, 2012 ला हिग्ज बोसॉन नावाचा सूक्ष्म कण सापडला त्याला जमिनीखाली 27 किलोमीटरचा बोगदा लागला, तो काय कोणी घराच्या मागे खणणार होतं? पण असलं काम अर्ध्यात सोडलं की सगळंच पाण्यात. अमेरिकेने 1993 मध्ये सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर (कणांची टक्कर घडवणारं अजस्र मशीन) रद्द केला तोवर सुमारे 2 अब्ज डॉलर गेले होते, आणि हातात काय, तर टेक्सासमधला अर्धवट बोगदा.

छोट्या ग्रँटचं उलटं. दहा फसल्या तरी कोणाला पत्ता लागत नाही आणि एखादी अशी लागते की बास. 1960 च्या दशकात थॉमस ब्रॉक हे जीवशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कच्या गरम झऱ्यांमधले बॅक्टेरिया शोधत होते, आता कोणीही म्हणेल कशाला हे नसते उद्योग, पण त्यातल्याच एकाचं एन्झाइम उकळत्या पाण्याच्या आसपासही टिकतं म्हणून पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढणं, सोपं झालं. शिवाय पीएचडीची पोरं यातूनच शिकतात (मोठ्या प्रोजेक्टमध्येही शिकतात म्हणा, पण तिथे हजार नावांच्या पेपरमध्ये आपलं नाव शोधावं लागतं). वाईट एवढंच की प्रपोजल लिहिण्यातच प्रोफेसरचे महिने जातात, मग शिकवायचं कधी.

मी छोट्यांच्या बाजूने. मोठं करायचंच तर सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या लॅबसारखं, बऱ्याच देशांनी वर्गणी काढून.