होडी की किल्ला? शिक्षकांना डॉल्फिन कुठून दाखवावेत

विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणात सागरी सस्तन प्राण्यांच्या वाट्याला जेमतेम एक सकाळ येते, आणि ती कुठे घालवायची यावर दरवर्षी खल होतो. आमच्या सिंधुदुर्गात दोन सोयी आहेत. देवबागहून होडी करा, नाहीतर निवतीच्या किल्ल्यावर दुर्बिणी घेऊन बसा. मी होडी तीनदा केली, किल्ला चारदा.

होडीचं देणं मोठं आहे, ते आधी मान्य करतो. हंपबॅक डॉल्फिन दहा हातांवर वर येतो, श्वास सोडल्याचा ‘फुस्स’ ऐकू येतो, पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर दिसतो. हा मासा नव्हे, हे तिथे एका क्षणात पटतं. फळ्यावर फुप्फुसं काढून तितकं पटत नाही. परावरच्या खाचांवरून एकेक प्राणी ओळखायची पद्धत शिकवायची असेल तरीही होडीच हवी. बर्न्ड आणि मेलनी व्युर्सिग या संशोधक जोडप्याने 1970च्या दशकात अर्जेंटिनात बॉटलनोज डॉल्फिन असेच ओळखले होते. फिनलेस पॉरपॉइज या डॉल्फिनच्या छोट्या भाऊबंदाला तर पाठीवर परच नसतो. किल्ल्यावरून तो हाती लागणं कठीण.

ओकाऱ्या, भिजलेल्या वह्या हे धरून चाललोय. आवळासुपारी जवळ ठेवा.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्या नोंदतक्त्यात शेवटचा रकाना ‘वर्तन’ असा आहे : खाणं, प्रवास, विसावा, खेळ. दुसऱ्या वर्षी परतल्यावर अकरा तक्ते टेबलावर मांडले, तर नऊ जणांनी एकच लिहिलेलं : ‘लांब गेले.’ एका बाईंनी ‘घाबरले?’ असं लिहून प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं होतं. होडीवाल्याला काय बोलणार? मागे जाऊ नका म्हणून त्याला निघतानाच सांगितलं होतं. पण पाणी फुटलेलं दिसलं की माझेच शिक्षक ‘तिकडे, तिकडे!’ करून उठायचे आणि तो बिचारा वळवायचा. म्हणजे तो रकाना आमच्या इंजिनानेच भरला होता. 1972च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत असलेल्या प्राण्याला आम्ही पिटाळत होतो, ते निराळंच. हेच लोक सोमवारी वर्गात ‘निरीक्षकाने ढवळाढवळ करू नये’ म्हणून सांगणार!

किल्ल्यावर निदान हे होत नाही. हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात, किनारा आणि खाड्यांची मुखं धरून राहतो, म्हणून हे जमतं. खोल समुद्रातल्या जातींसाठी माझा सल्ला कुचकामी. पण पद्धत म्हणून ती कमअस्सल नाही. कॅलिफोर्नियात करड्या देवमाशांची मोजणी 1967पासून किनाऱ्यावरूनच होत आलीय.

आणि शिकवायला केवढं सापडतं! डोळा पाण्यापासून 2 मीटरवर असेल तर क्षितिज साधारण 5 किलोमीटरवर, 50 मीटरवर असेल तर 25. हे गणित तिथेच करून घेता येतं. हात ताठ धरला की मूठ साधारण 10 अंशांचा कोन झाकते, त्यावरून दिशा लिहायची. एका गुरुजींनी मनगटी घड्याळावर एकाच जोडीच्या डुबक्या मोजल्या : 40 सेकंद, 55, मग एकदम 2 मिनिटं 10. शेजारच्या बाई म्हणाल्या, जोडी नाही, तिघं आहेत. वाद मिटला नाही. शेवटी किमान 2, कमाल 3 असं लिहिलं, आणि गणना अशीच लिहायची असते हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

अर्थात, हुकमी काही नाही. गेल्या खेपेला तीन तासांत एकही दिसला नाही. शून्यसुद्धा लिहायचं असतं हे समजावण्यात माझी सकाळ गेली, काहीजण रुसले ते रुसलेच. तुमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी समुद्रच पहिल्यांदा पाहिला असेल, तर होडी घ्या. मी नावं ठेवणार नाही.

किल्ल्यावर गेलात तर सातच्या आत पोहोचा. सकाळी ऊन पाठीमागून येतं, पाणी तुकतुकीत असतं. दुपारकडे वारा सुटून लाटांवर फेस आला की प्रत्येक फेस डॉल्फिन वाटतो, आणि कलत्या उन्हात पश्चिमेकडे डोळे उघडत नाहीत. यंदा डिसेंबरची तुकडी वरच बसवतोय. होडीवाल्याशी फक्त शेवटच्या अर्ध्या तासाचं बोललोय, तेही इंजिन बंद ठेवायच्या बोलीवर.