परळची कॉट की डोंबिवलीचं घर? एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांसाठी दोन्हींचं परीक्षण

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे बोलीभाषेत केईएमला, नंबर लागला की पेढे संपायच्या आत घरात वाद सुरू होतो. आईचं म्हणणं, 'घर असताना खोली कशाला?' मुलाचं म्हणणं, 'रोज लोकलने मरू का?' दोघांचंही थोडं बरोबर आणि थोडं चूक. डोंबिवली-कल्याणच्या विद्यार्थ्यांना हॉस्टेलवर फार विसंबता येत नाही, कारण खोल्या देताना बाहेरगावच्या मुलांचा विचार आधी होतो. त्यामुळे इथे दोनच पर्यायांची तपासणी केली आहे. पहिला, डोंबिवलीचं घर आणि लोकल. दुसरा, परळ-लालबाग-नायगाव पट्ट्यातली कॉट (म्हणजे सामायिक खोलीतली भाड्याची एक खाट), नाहीतर तिघाचौघांत घेतलेला वन बीएचके.

आधी घर. खर्चाच्या बाबतीत त्याला तोड नाही. डोंबिवलीहून दुसऱ्या वर्गाचा मासिक पास दोनशे-सव्वादोनशेच्या घरात बसतो, विद्यार्थी सवलतीत निम्म्यावर येतो, आणि त्रैमासिक काढला तर तीन महिन्यांऐवजी 2.7 महिन्यांचेच पैसे पडतात. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून घ्यावा लागतो. तो पास संपायच्या आठवडाभर आधी मागा, कारण परीक्षेच्या दिवसांत ऑफिसच्या खिडकीवर रांग लागते.

वेळेचा हिशेब मात्र बहुतेक जण चुकीचा करतात. अ‍ॅपमध्ये डोंबिवली ते दादर फास्ट लोकल पन्नास-पंचावन्न मिनिटं दाखवते आणि माणूस खूश होतो. पण फास्ट परळला थांबत नाही. दादरला उतरून स्लो पकडायची, परळचा पूल चढून उतरायचा, मग दहा-बारा मिनिटं चालायचं. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं आणि फलाटावरची दहा मिनिटं धरली की दारापासून वर्गापर्यंत एक तास चाळीस मिनिटं होतात. दोन्ही वेळचे मिळून साधारण सव्वातीन तास. महिन्याचे 24 दिवस धरले तर 78 तास.

यात एक उलटी गोष्ट आहे. लेक्चर सकाळी आठला असेल तर लोकांना दया येते, पण प्रवासाच्या दृष्टीने तीच वेळ बरी. सव्वासहाच्या सुमाराच्या गाडीत निदान उभं राहायला नीट जागा असते आणि परीक्षेच्या आधी पुस्तक उघडता येतं. खरा त्रास दुसऱ्या वर्षापासून, जेव्हा क्लिनिकल पोस्टिंगसाठी नऊला वॉर्डात पोचायचं असतं. म्हणजे साडेसातच्या आसपासची गाडी. कल्याणहून येणारी फास्ट डोंबिवलीला भरूनच येते. दरवाजातली मंडळी सरकत नाहीत आणि पाठीवरची सॅक पुढे घ्यायला हात मोकळा नसतो. त्यावर तीन उपाय आहेत: डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरणं, उलट कल्याणपर्यंत जाऊन बसून येणं (याला इथे 'रिटर्न मारणं' म्हणतात), किंवा अर्धा तास आधी निघणं. रिटर्नमध्ये बसायला मिळतं, पण वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात आणि पास कल्याणपर्यंतचा काढावा लागतो. डोंबिवलीचाच पास घेऊन रिटर्न मारणारे तपासणीत सापडतात तेव्हा दंड भरावा लागतो.

परतीला मात्र परळकरांची एक सोय आहे, जी फार जणांना पहिल्या सहामाहीत कळतच नाही. मार्च 2019 पासून परळ टर्मिनसवरून लोकल सुटतात. कल्याणकडे जाणारी परळ लोकल स्लो असते, पण रिकामी लागते. दादरला फास्टमध्ये चेंगरण्यापेक्षा वीस मिनिटं जास्त देऊन बसून जाणं पाच वर्षांच्या हिशेबात स्वस्त पडतं. परळ लोकलच्या वेळा पाठ करा, कारण त्या मोजक्याच आहेत.

पावसाळ्यात कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी साचलं की सगळं गणित कोसळतं. हजेरीचा नियम थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला 80 टक्के. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये 24 दिवस धरा. किमान 20 दिवस हजर राहावं लागतं, म्हणजे चारच खाडे परवडतात. त्यातले दोन लोकलने खाल्ले तर ताप यायलाही जागा उरत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकची भीती मात्र विनाकारण घातली जाते. तो बहुधा अकरा ते चारच्या दरम्यान असतो आणि त्या दिवशी पोस्टिंग नसतं. इंटर्नना त्याचा त्रास होतो, पहिल्या वर्षाला नाही.

आता कॉट. परळमध्ये कॉट महाग असण्याचं एक कारण अभ्यासक्रमाशी संबंधित नाही. शेजारीच टाटा मेमोरियल आहे आणि देशभरातून आलेल्या पेशंटचे नातेवाईक महिनोनमहिने याच गल्ल्यांत खोल्या शोधतात. खोली दिवसावर देऊन जास्त पैसे मिळत असतील तर मालक विद्यार्थ्याला वर्षभराची हमी देत नाही. म्हणून 'जूनपर्यंत राहा, पुढचं पाहू' अशा बोलीवर कॉट घेऊ नका, कारण ते 'पुढचं' नेमकं प्रिलिमच्या तोंडावर येतं.

हिशेबासाठी कॉटचे 12,000, दोन वेळच्या डब्याचे 4,000 आणि वीज-धुणं-इंटरनेटचे 1,000 धरा. महिन्याला 17,000, साडेपाच वर्षांचे 66 महिने, म्हणजे 11 लाख 22 हजार. आकडे तुमच्या कॉटचे घाला, पण गुणाकार 66 ने करा. घरची मंडळी 12 ने गुणतात आणि थांबतात.

वेळ किती वाचतो? कॉटवरून कॉलेज वीस मिनिटं चालत म्हटलं तर जाऊन-येऊन महिन्याचे 16 तास. 78 मधून 16 वजा, 62 तास हातात. पास आणि घरचं जेवण वजा जाता जादा खर्च 15,000 धरला तर वाचलेला एक तास 240 रुपयांना पडतो. हा सौदा चांगलाच दिसतो, पण यात कपडे, भांडी, पाणी भरणं, डबेवाल्या बाईंनी सुट्टी घेतली की खानावळ शोधणं धरलेलंच नाही. दिवसाला तास जातोच. महिन्याचे 24 तास काढले की हातात 38 उरतात आणि तासाचा भाव 395 वर जातो. त्या 38 तासांत अभ्यास होणार असेल तर घ्या. रूममेटबरोबर वेब सिरीज बघायच्या असतील तर त्या लोकलमध्येही बघता येतात.

खोली बघायला जाताना भाडं शेवटी विचारा. आधी विचारायचं ते पाणी. पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं. ते पहाटे पाचला येऊन सातला जात असेल आणि टाकी नसेल, तर सहाजणांच्या खोलीत आंघोळीचा नंबर हा रोजचा तंटा. दुसरं, कॉटवर झोपून बघा. बऱ्याच कॉट सहा फुटांना दोन-तीन इंच कमी असतात. डोक्याशी स्वतंत्र प्लग पॉइंट आहे का, तुमचा दिवा रात्री एकला शेजाऱ्याच्या डोळ्यांवर येतो का, हे खाली बसून नाही कळत. तिसरं, तळमजला टाळा. हिंदमाता परिसरात पाणी तुंबणं मुंबईला नवीन नाही, आणि लोकल बंद पडते म्हणून घेतलेल्या खोलीतच घोट्याएवढं पाणी शिरलं तर हसं होतं. लालबागमध्ये खोली बघत असाल तर गणपतीचे दिवस आठवा. भारतमाताच्या बाजूच्या गल्लीत दहा दिवस झोप विसरायची आणि स्वतःच्या दाराशी यायलाही बॅरिकेड ओलांडायचा. प्रभादेवीच्या बाजूला खोली असेल तर एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाला, हे लक्षात घेऊन टॅक्सीचा नव्हे तर पायी जायचा रस्ता चालून बघा.

आणि हाडं. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीसाठी हाडांचा सेट जवळ असतो. मालकांना आधीच सांगा. कॉटखाली पिशवीत फिमर (मांडीचं हाड) बघून आरडाओरडा झाल्यावर समजूत घालण्यापेक्षा झाकणाचा, कडी लागणारा डबा आधी घ्या. डिसेक्शनचा अ‍ॅप्रन फॉर्मालिनचा वास मारतो, तो सगळ्यांच्या बादलीत भिजवला की रूममेट दुसऱ्या दिवशी बोलायचे बंद. याबाबतीत घरीही कौतुक होत नाही, पण घरी बादली वेगळी मिळते.

कागदपत्रांत विद्यार्थी सर्वांत जास्त फसतात. कॉट बहुधा तोंडी बोलीवर आणि साध्या पावतीवर मिळते. डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची आणि कशाचे पैसे कापणार, निदान या तीन ओळी सहीनिशी घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका. समोरचा माणूस मालक आहे की स्वतःच भाडेकरू, हे वीजबिलावरच्या नावावरून कळतं. फ्लॅट घेत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हे एजंटचं वाक्य महाराष्ट्रात चालत नाही. खर्चही फार नाही. 45,000 भाडं आणि दीड लाख डिपॉझिट असलेला अकरा महिन्यांचा करार घ्या. एकूण भाडं 4,95,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 13,750. बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेतेराशेच्या आसपास, वर शहरी भागाची नोंदणी फी 1,000. तिघांत वाटले तर माणशी साडेसातशे-आठशे. त्यापेक्षा एजंटची दलाली कितीतरी मोठी.

मोठ्या खासगी पीजीवाल्यांनी (पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांनी) बिलात जीएसटी लावला तर थांबा. जुलै 2024 पासून माणशी महिन्याला 20,000 पर्यंतचं राहण्याचं शुल्क आणि सलग किमान 90 दिवसांचा मुक्काम असेल तर त्यावर जीएसटी नाही. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना मुंबईसारख्या शहरात भोजन 32,000, निवास 20,000 आणि निर्वाह 8,000 असे वर्षाला 60,000 रुपये खात्यात जमा होतात. स्थानिक रहिवासाची अट वाचूनच अर्ज करा, आणि भाड्याचा कागद लागतो म्हणून वरच्या तीन ओळी आणखीच महत्त्वाच्या.

निकाल वर्षागणिक वेगळा येतो. पहिलं वर्ष घरून करा. वेळापत्रक ठरलेलं असतं, रात्रीची ड्युटी नसते, आणि घरचं जेवण असताना फिजिओलॉजी जरा लवकर डोक्यात शिरतं. अपवाद ज्यांना दारापासून दोन तासांहून जास्त लागतात त्यांचा, म्हणजे बदलापूर-टिटवाळ्याच्या पलीकडचे. त्यांनी पहिल्या महिन्यातच खोली बघावी. दुसऱ्या वर्षी नऊच्या पोस्टिंगची एक सहामाही घरून करून बघा आणि मग ठरवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षात, विशेषतः स्त्रीरोगच्या पोस्टिंगमध्ये लेबर रूममध्ये रात्र काढायची असते तेव्हा, कॉटचे पैसे वसूल होतात. रात्री बारा-साडेबारानंतर लोकल नाही, आणि पहाटे चारनंतरच्या पहिल्या गाडीची वाट बघत फलाटावर बसणं कोणत्याही हिशेबात बसत नाही.

इंटर्नशिपला सगळे डोळे मिटून कॉट घेतात, आणि तिथेच फसतात. 52 आठवड्यांपैकी 12 आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. त्यातला काही काळ मालवणीच्या शहरी आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण केंद्रावर जातो. तेवढे दिवस परळची कॉट रिकामी आणि भाडं चालू. विद्यावेतन 18,000 असताना हे दुखतं. कॉट घेण्याआधी रोटेशनचा, म्हणजे कोणत्या विभागात कधी काम ते सांगणारा तक्ता हातात घ्या, मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग हे 19 आठवडे सलग कुठे येतात ते बघा आणि तेवढ्याच महिन्यांची बोली करा. मालक सहा महिन्यांच्या खाली ऐकत नसेल तर ज्याचं रोटेशन तुमच्या उलट आहे असा बॅचमेट शोधून एकाच कॉटवर आळीपाळीने राहा. नावं दोघांची पावतीवर हवीत, आणि गादी प्रत्येकाची वेगळी.